डावा गाल जुळला

अलीकडे मला संगणकावरचा हिरवा रंग बघवत नाही. हसाल तुम्ही. साडीचा हिरवा चालतो, बांगड्यांचा तर लग्नसराईत हवाच. पण त्या काचेवर, माणसाच्या गालावर शेवाळासारखा पसरलेला हिरवा आठवला की हातातलं काम तसंच राहतं. सगळं जुळलंय असं सांगणारा तो रंग. पण थांबा, आधी दातांचं सांगते.

दात माझे नव्हेत, माझ्या धाकट्या जावेचे. म्हणजे नसलेले दात. आम्ही दोघी वैरागकडच्या. नवऱ्यांच्या मागं सोलापुरात आलो, नवरे गेले तरी इथंच राहिलो. खाली आम्ही दोघी, वरच्या मजल्यावर तिचा मुलगा, सून आणि नात. मी बोलते, ती ऐकते, असं आमचं पहिल्यापासून. तिला मिश्रीची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चोळून पूड करायची, डबीत भरायची. सकाळचा चहा झाला की बोटानं हिरड्यांना लावायची आणि उरलेली चिमूट डाव्या गालात सारून द्यायची. मग बराच वेळ तिचं तोंड बंद आणि माझं चालू. आमचं इतकी वर्षं जमलं ते त्यामुळंच, असं पुतण्या म्हणतो.

दात तिचे लवकरच गेले. तिनं कधी तक्रार केली नाही. भाकरी आमटीत बुडवून खायची, हसताना पदर तोंडावर धरायची. पण नातीचं लग्न ठरलं, वैशाखातला मुहूर्त निघाला आणि ही बाई एकदम म्हणाली, "आक्का, मला दात करायचे हायत."

"आता? इतकी वर्षं काय केलंस?"

"नातीच्या लग्नात म्या तोंडावर पदर घिऊन फोटोत बसनार न्हाय. समद्यांच्या घरात त्यो फोटो लागनार. मी मेल्यावर बी लागंल."

तिनं जन्मात स्वतःसाठी मागितलेली ही बहुतेक पहिलीच गोष्ट. मी कशाला आडवी येऊ?

दाताची डॉक्टरीण आमच्या माहितीतली. वडील यंत्रमागावर काम करणारे, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. मुलगी हुशार निघाली, पूर्व भागातच दवाखाना टाकला. बाजूच्या गल्लीत अजून माग चालतात, त्यामुळं तिच्या खुर्चीत बसलं की आधी मागाची खडखड ऐकू येते आणि मग दाताच्या यंत्राची. तिनं जावेचं तोंड बघितलं, हिरड्यांचे साचे घेतले आणि डाव्या गालात आतून बॅटरी मारून जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"आजी, इथं पांढरा चट्टा आहे. मिश्री आजपासून बंद. आणि पुढच्या महिन्यात मला परत दाखवायचं. विसरायचं नाही."

"व्हय, व्हय," जाऊ म्हणाली. तिचं व्हय कसं असतं ते मला ठाऊक आहे. मी घरी येऊन डबी मागितली, तिनं दिली. दुसरी डबी होती हे मला नंतर कळलं.

मग डॉक्टरीण म्हणाली, पुढच्या खेपेला चेहऱ्याचं माप घेऊ. नवं यंत्र आणलं होतं तिनं. इस्त्रीएवढं, हातात धरायचं. चेहऱ्याभोवती फिरवलं की उजेड लपलपतो आणि समोरच्या काचेवर माणसाचा चेहरा मातीच्या मुखवट्यासारखा उभा राहतो. नुसता फोटो नव्हे हो, बोटानं फिरवला की कानामागचंसुद्धा दिसतं. दात नसले की ओठ आणि गाल आत बसतात, ते किती भरून काढायचे हे त्यावरून ठरवता येतं, असं तिनं समजावलं. मी विचारलं, "पण हे खरं माप दाखवतं कशावरून?" मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

तिला राग आला नाही. उलट आवडलं. म्हणाली, "मीपण तेच बघते आजी. नखाच्या जाडीएवढासुद्धा फरक पडत नाही, असं विकणारे सांगतात. पण माणूस म्हणजे काय भिंत नाही. हसलं, गिळलं, तोंडात काही धरलं, की गाल बदलतो आणि माप फसतं. कपाळ हलत नाही, नाकाचं हाड हलत नाही. आणि तुमचं गोंदण हलत नाही."

आम्हा दोघींच्या कपाळावर आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांशी गोंदणाचे ठिपके आहेत. लहानपणी गोंदवणारणीसमोर रडत बसले होते मी. ते असे कामाला येतील असं कुणी सांगितलं असतं तर कमी रडले असते. डॉक्टरीण चिमट्यासारख्या लोखंडी मापानं एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत मोजायची आणि काचेवरचं अंतर तेवढंच येतं का ताडून बघायची.

त्या खेपेला जायला निघालो तर जाऊ देवघरासमोर उकिडवी बसलेली. वातींच्या कापसाचा डबा उघडा. मला वाटलं वाती वळते आहे. तर तिनं कापसाचा बोळा केला, थुंकीनं ओला केला आणि डाव्या गालात कोंबला. मग दुसरा, तेवढाच, उजव्या गालात. आरशात बघितलं. खरं सांगते, दहा वर्षं उतरली होती चेहऱ्यावरची.

"अगं बये, हे काय गं?"

ती बोलेना. बोलता येईना तर काय करणार! बोळे काढून हातावर घेतले आणि म्हणाली, "जसा फोटू, तसे दात करनार न्हवं त्या? मग फोटू बरा नको? बसक्या गालाचा फोटू दिला तर त्या बसक्या गालाचेच दात करतील की."

मी इतकी हसले की पाणी प्यावं लागलं. यंत्रासमोर बसवताना डॉक्टरणीनं विचारलं, "तोंडात काही नाही ना आजी?" हिनं मान हलवली. "आज गाल बरे दिसतायत की," डॉक्टरीण म्हणाली आणि ही लाजली. बोलायचं सगळं मीच बोलले, हिला तोंड उघडायची वेळ येऊ दिली नाही. गंमत म्हणून डॉक्टरणीनं माझाही चेहरा घेतला. मातीची मी अगदी आमच्या आईसारखी दिसत होते. ते मला काही फार बरं वाटलं नाही.

त्यानंतर वैरागहून फोन आला. जावेची लेक जिन्यावरून पडली, पाय मोडला. ही पिशवी भरून गेली ती लवकर परतलीच नाही. दाखवायचा महिना आला आणि गेला. मी फोनवर आठवण करायची. "येते की, हितं भाकऱ्या कोन थापनार?" म्हणायची. थंडी संपली, ऊन तापायला लागलं तेव्हा आली.

आली ती वाळून आली होती. हात काटक्यांसारखे. चेहरा मात्र एका बाजूनं बरा वाटायचा. शेजारीण म्हणालीसुद्धा, "लेकीकडचं दूध मानवलं हो, गाल वर आले." हिनं चटकन पदर पुढं ओढला. मग मी एकेक बघायला लागले. चहा पार थंड होईपर्यंत ठेवायची. शेंगांची चटणी पुढं केली की ताट सरकवायची. पूर्वी जेवताना माझ्या उजव्या हाताला बसायची, आता जागा बदलून पलीकडं बसायला लागली, म्हणजे मला तिची उजवीच बाजू दिसावी. आणि कधी जवळून गेली तर एक वास यायचा. फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहून गेलं की येतो, तसा. विचारलं तर, "तुमाला आता वास बी यायला लागले व्हय?"

दात मात्र हवेच होते. लग्न तोंडावर आलं होतं. ती स्वतःच म्हणाली, चला दवाखान्यात, दातच बसवायचेत, तोंडात काय बघायचं हाय?

आम्ही गेलो तेव्हा तपासायच्या खुर्चीत दुसराच कुणी बसला होता. डॉक्टरीण म्हणाली, "तोवर चेहरा घेऊन टाकू. बारीक झालात आजी, जुनं माप चालायचं नाही." जाऊ यंत्रासमोर बसली. उजेड फिरला. मी तिच्या शेजारीच स्टुलावर.

मग डॉक्टरणीनं नवा चेहरा जुन्या चेहऱ्यावर ठेवला. एकावर एक, जसा एक ब्लाऊज दुसऱ्यावर ठेवून माप बघतात तसा. गोंदणावर गोंदण, नाकावर नाक. तिनं आम्हाला रंग समजावले. जिथं दोन्ही तंतोतंत बसतात तिथं हिरवा. नवा चेहरा जिथं आत गेला तिथं निळा. जिथं वर आला तिथं लाल.

कपाळ हिरवं झालं. नाक हिरवं झालं. उजवा गाल निळा, गडद निळा, खोल डोहासारखा. आणि डावा गाल हिरवागार.

"हे कसं?" डॉक्टरीण काचेजवळ वाकली. "माणूस वाळला तर दोन्हीकडून वाळतो. एकच गाल कसा वाळेल?" तिनं लोखंडी माप घेऊन ठिपके पुन्हा मोजले. बरोबर. "मग यंत्रच उजवीकडं चुकतंय. आजी, तुम्ही या बरं," म्हणून मला बसवलं. माझा नवा चेहरा माझ्या जुन्या चेहऱ्यावर ठेवला. मी डोक्यापासून हनुवटीपर्यंत हिरवी.

तिनं जावेचा चेहरा पुन्हा घेतला. पुन्हा तसंच. उजवा निळा, डावा हिरवा.

"हलला असाल मागच्या वेळी," ती शेवटी म्हणाली. "डावी बाजू जुळतेय ना, तीच धरू. उजवी तिच्यावरून काढता येईल. काळजी करू नका."

जावेनं सुटकेचा श्वास सोडला. तो मी ऐकला. आणि त्या श्वासानंच मला आठवलं. देवघर, कापसाचा डबा, ओले बोळे. दोन्ही गालांत, सारखेच.

सांगते काय झालं ते. मी काचेकडं बघत मनात हिशेब जुळवला. जुन्या चेहऱ्यात दोन्हीकडं कापूस होता. आज कापूस नाही. म्हणजे उजवा गाल आत गेलाय तो खरा, तसाच जायला हवा. मग डावा का नाही गेला? कापसाची जागा कोणी घेतली?

मी तोंड उघडलं तर पदराखाली जावेनं माझा हात धरला. दाबला. नखं रुतली. मी तिच्याकडं बघितलं. ती सरळ समोर बघत होती, काचेतल्या आपल्याच हिरव्या गालाकडं. तिला ठाऊक होतं. कधीपासूनचं ठाऊक होतं.

"डॉक्टरबाई," मी म्हणाले, "मागच्या वेळी तिच्या तोंडात कापूस होता. दोन्हीकडं."

बाहेर माग चालूच होते. डॉक्टरणीनं एकदा माझ्याकडं, एकदा काचेकडं बघितलं. खुर्चीतल्या माणसाला तिनं उठवून बाहेर बसवलं. मग इतक्या हळू आवाजात, की मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं, म्हणाली, "आजी, इथं बसा. तोंड उघडा."

जाऊ बसली. तोंड काही लवकर उघडलं नाही. उघडलं तेव्हा तो वास खोलीभर झाला. डॉक्टरणीनं बॅटरी मारली, बोटानं चाचपलं, गळ्याखाली चाचपलं. दातांविषयी एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "ह्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. उद्या. तोवर मी दात करणार नाही."

रिक्षात जाऊ माझ्याकडं पाठ करून बसली. घराच्या दारात म्हणाली, "तुमाला कुनी इचारलं हुतं, आक्का?"

"कुणी विचारलं की बोलते का मी कधी?"

"लगीन हुस्तवर गप ऱ्हायला काय झालं हुतं? त्येनंतर काय बी करा म्हनलं असतं. कापा, जाळा."

संध्याकाळी पुतण्या खाली आला. चांगला मुलगा आहे, पण घाबरला की मोठ्यानं बोलतो. "मोठी आई, त्या मशीनचं काय खरं धरायचं? ती डॉक्टरच आधी म्हणाली की मशीन चुकतंय. तोंडात उष्णतेनं काहीतरी आलं असेल. लग्न होऊ दे. हॉल ठरलाय, पत्रिका गेल्यात. आता तुकडेबिकडे काढून आईला खाटेवर पाडायचं का?"

"यंत्र खोटंच हाय," जाऊ भिंतीकडं बघत म्हणाली. "फोटूत कुटं दुखनं दिसतं व्हय?"

दोघांपुढं माझं काही चालेना. मला गालातलं कळत नाही, यंत्रातलं कळत नाही. रात्र तशीच गेली. सकाळी चहा झाला, मी देवघरातला कापसाचा डबा आणि आरसा आणला आणि तिच्यापुढं ठेवला.

"हे कशाला?"

"यंत्र खोटं म्हणतेस ना. मग आपण आपलं माप घेऊ. बोळा कर आणि उजव्या गालात घाल. फक्त उजव्या."

मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं बोळा केला. घातला. आरशात बघितलं. उजवा गाल अजून बसकाच होता. आणखी थोडा कापूस घातला. अजून नाही. मी डब्यातून चिमटीनं काढून देत होते, ती कोंबत होती. दोघींपैकी कुणीच बोलत नव्हतं. माझ्यासाठी हे किती अवघड ते मला ओळखणाऱ्यांना कळेल. शेवटी दोन्ही गाल सारखे झाले. आरशात माझी जाऊ चांगली गोल चेहऱ्याची दिसत होती. नातीच्या फोटोत तिला असंच बसायचं होतं.

मग तिनं तो कापूस बाहेर काढला. ओला, घट्ट दाबलेला. तळहातावर ठेवला. लिंबाएवढा होता.

त्या गोळ्याकडं बघितलं. मग डाव्या गालावरून बाहेरून बोट फिरवलं, जणू पहिल्यांदाच.

"एवढं?" ती म्हणाली.

मी डब्याला झाकण लावलं.

"चला," म्हणाली, "लुगडं बदलते." वर पुतण्याला हाक मारून रिक्षा आणायला तिनंच सांगितलं.

तुकडा काढला. निकाल फोनवर सांगते असं डॉक्टरीण म्हणाली होती. फोन आला तेव्हा मात्र म्हणाली, सगळे या. पुतण्यानं फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवरच बसला. विचारायचं काही राहिलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन लग्नाच्या आधीच करायचं ठरवलं. गालाचा किती भाग जाईल, जबड्याचं हाड वाचेल की नाही, हे उघडल्यावरच कळणार होतं. आमची डॉक्टरीण म्हणाली, "त्याआधी पुन्हा एकदा चेहरा घेऊन ठेवते, गाल रोज बदलतोय. डावी बाजू पुन्हा उभी करताना उजव्या बाजूवरून माप काढता येतं. मोठ्या डॉक्टरांना उपयोगी पडेल."

जाऊ यंत्रासमोर बसली. म्हणाली, "मग त्यो पयला घ्या की. कापसाचा. त्यात म्या बरी दिसते."

"तो चालणार नाही आजी. खरा हवा."

"लग्नात तर लोक माझा खराच बघनार," ती म्हणाली. मग पदर खांद्यावर टाकला. माणसांसमोर असा उघडा चेहरा तिचा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. उजवा गाल हाडाला चिकटलेला. डावा ताणलेला, चकाकणारा, जणू दुसऱ्याच कुणाचा.

डॉक्टरणीनं लोखंडी मापानं ठिपके मोजले. पुन्हा एकदा मोजले. यंत्र उचललं. आणि सवयीनंच, रोज प्रत्येकाला विचारते तसं विचारलं, "तोंडात काही नाही ना आजी?"

विचारलं आणि तिथंच थबकली.

"हाय की," जाऊ म्हणाली. "डावीकडं. त्येचं माप नीट घ्या, समदं निघाया पायजे." आणि माझ्याकडं न बघता, "आक्का, आता तुमी जरा गप बसा. माझा गाल हलंल."

उजेड लपलपायला लागला. मी पदराचं टोक दातांत धरलं आणि गप्प बसले.